चारशे बारा चिठ्ठ्या

२००८ ते २०१२ अशी चार वर्षं मी फॉर्म भरण्यावर पोट भरलं. बँकेचे किंवा रेशनकार्डाचे फॉर्म नव्हेत, इंटरनेटवरच्या डिरेक्टऱ्यांचे. त्या काळात एकूण किती फॉर्म भरले याचा एकदा हिशोब करायला बसले होते. दिवसाला शंभर, महिन्याचे पंचवीस दिवस. आकडा लाखाच्या वर जायला लागला तेव्हा हिशोब सोडून दिला.

त्यातले चारशे बारा फॉर्म मात्र ऑफिसचे नव्हते. ते मी घरच्यांसाठी भरले, एक पैसा न घेता, अगदी प्रेमाने. हे सगळं लिहितेय ते त्या चारशे बारांमुळे.

ऑफिस कोथरूडमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. चौदा खुर्च्या, चौदा कॉम्प्युटर आणि सतत गळणारा एक वॉटर कूलर. बी.कॉम. करून कराडहून आलेली मी तिथे ‘एसईओ एक्झिक्युटिव्ह’ म्हणून लागले. पदाचं नाव ऐकूनच आई खूश झाली. एसईओ म्हणजे गिऱ्हाइकाची वेबसाइट गूगलच्या शोधात वर आणायची. माझ्या वाट्याला त्यातलं एकच काम होतं. ऑस्ट्रेलियातला कोणी वाळवी मारणारा किंवा अमेरिकेतला कोणी दातांचा डॉक्टर, त्याची साइट घ्यायची आणि शेकडो वेब-डिरेक्टऱ्यांमध्ये तिची नोंद करायची. योग्य वर्ग शोधा, साइटचं नाव टाका, चार ओळींचं वर्णन टाका, वाकडीतिकडी अक्षरं वाचून चौकोनात लिहा, ‘सबमिट’ दाबा, ईमेल उघडून खात्रीच्या लिंकवर क्लिक करा, एक्सेलमध्ये ‘डन’ लिहा. पुढची ओळ.

वर्णनाचे पाच नमुने नोटपॅडमध्ये तयार असायचे, तेच आलटून पालटून चिकटवायचे. एकदा मेलबर्नचा एक ‘गटर क्लीनिंग’वाला आला. मला वाटलं, हा गटारं आणि नाल्या साफ करतो. तसं वर्णन लिहिलं आणि पाचशे ठिकाणी चिकटवलं. प्रत्यक्षात तो माणूस छपराच्या पन्हळींमधला पालापाचोळा काढायचा. चूक माझ्या लक्षात आली ती तीन महिन्यांनी, तीही आपणहूनच. ना त्याने तक्रार केली, ना पाचशे डिरेक्टऱ्यांपैकी एकीने. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. पाचशे ठिकाणी चुकीचं लिहूनही कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणजे ते पाचशे ठिकाणी कोणी वाचलेलंच नाही, हा साधा अर्थ त्या वेळी मनात आला नाही.

*

वेब-डिरेक्टरी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. इंटरनेट लहान होतं तेव्हा त्याची अनुक्रमणिका माणसं हाताने लिहायची. १९९४ साली स्टॅनफर्डमधल्या जेरी यँग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या साइट विषयवार लावायला सुरुवात केली, त्याचं पुढे याहू झालं. आपल्याकडे मुंबईतून राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डने ‘खोज’ नावाची भारतीय साइटची डिरेक्टरी चालवली. १९९९मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतली तेव्हा त्यात ‘खोज’ही होती. आणि १९९८ साली सुरू झालेली ओपन डिरेक्टरी, जिला सगळे ‘डीमॉझ’ म्हणायचे, ती तर संपूर्णपणे स्वयंसेवकांवर चालायची. जगभरातली माणसं एकेक विषय किंवा गाव वाटून घ्यायची, आलेल्या साइट उघडून बघायची आणि बऱ्या वाटल्या तर यादीत घालायची. फुकट.

त्याच १९९८ साली सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातली पेजरँकची कल्पना मला ऑफिसात कोणी नीट समजावली नाही. ती पुढे माझी मलाच समजली, आजोबांमुळे.

माझे आजोळचे आजोबा दापोली तालुक्यात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. गावातलं पोर नोकरीसाठी मुंबईला निघालं की त्याचे आईवडील आजोबांकडे चिठ्ठी मागायला यायचे. गिरगावात आजोबांच्या ओळखीची दोन-तीन माणसं होती. चिठ्ठी नेली की पोराची कुठेतरी सोय व्हायची. पण आजोबा सहसा चिठ्ठी द्यायचे नाहीत. वर्षाला दोन, फार तर तीन. नातलगांनाही परत पाठवायचे. आजी म्हणायची, “एवढासा कागद द्यायला यांचं काय जातं?” त्यावर आजोबांचं ठरलेलं उत्तर होतं, “कागद दिला की पुढच्या वेळचा कागद हलका होतो.”

पेजरँक म्हणजे नेमकं हेच. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली की ती चिठ्ठी झाली. पण सगळ्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. ज्या पानाला स्वतःला वजनदार पानांच्या चिठ्ठ्या आहेत, त्याची चिठ्ठी वजनदार. आणि ते पान जितक्या जणांना लिंक देईल, तितक्यांत त्याचं वजन वाटलं जाणार. दहा जणांना चिठ्ठी देणाऱ्याचा शब्द मोठा, दहा हजारांना देणाऱ्याचा रद्दीच्या भावाचा.

या हिशोबात डिरेक्टऱ्यांचं महत्त्व उघड होतं. याहू आणि डीमॉझला सारं जग लिंक देत होतं, आणि तिथे नोंद व्हायची ती कोणीतरी साइट पाहिल्यावर. म्हणजे ती खरोखरच गुरुजींची चिठ्ठी होती. याहू व्यापारी साइटकडून पुढे वर्षाला २९९ डॉलर घ्यायला लागलं. पण पहिल्यांदा भरायचे ते पैसेही साइट तपासून बघण्याचे होते, नोंद होईलच अशी हमी नव्हती. डीमॉझची सगळी यादी कोणालाही उचलून वापरायची मुभा होती. गूगलची स्वतःची डिरेक्टरी त्याच यादीवर चालायची, आणि इतरही कितीतरी साइट तिची नक्कल करायच्या. त्यामुळे डीमॉझमधली एक नोंद आपोआप अनेक ठिकाणी उमटायची. आपली साइट याहू आणि डीमॉझला कळवा, असं गूगलच्या वेबसाइट-मालकांसाठीच्या सूचनांमध्ये अनेक वर्षं लिहिलेलं होतं.

आता, गुरुजींच्या चिठ्ठीला भाव आहे म्हटल्यावर बाजारात काय येणार? गुरुजींचं लेटरहेड. तयार स्क्रिप्ट घ्यायची, शे-दोनशे वर्ग टाकायचे आणि एका दुपारी डिरेक्टरी उघडायची. अशा हजारो निघाल्या. आमच्या ऑफिसच्याच अकरा होत्या. दर शुक्रवारी त्यांत आलेले अर्ज मंजूर करायचं काम माझ्याकडे असे आणि त्यासाठी मला ‘सीनियर एडिटर’ असं दुसरं पद होतं. सगळ्या चौकोनांवर एकदम खूण करणारं एक बटण होतं, ते दाबायचं आणि मग ‘मंजूर’ दाबायचं. चारशे अर्ज, दीड मिनिट. समोरच्या देशातली माझ्यासारखीच कोणी मुलगी फॉर्म भरत होती आणि मी मंजूर करत होते. तिच्या ऑफिसची कोणी सीनियर एडिटर माझे फॉर्म मंजूर करत असेल. वाचत मात्र आम्ही कोणीच नव्हतो.

गूगलने आपल्या सूचनांमधली ती डिरेक्टऱ्यांची ओळ २००८ साली काढून टाकली. मी नोकरीला लागले ते त्याच वर्षी. हा योगायोग मला फार उशिरा कळला.

*

आजोबा गेल्यावर घर मामाकडे आलं. हर्णैच्या अलीकडे, समुद्रापासून दहा मिनिटांवर, चिऱ्याचं जुनं घर. नारळी-पोफळीच्या उत्पन्नात भागेना म्हणून मामा-मामीने दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. शाकाहारी जेवण, सोलकढी, सांगितलं तर उकडीचे मोदक. २००९च्या पावसाळ्यात मी त्यांची वेबसाइट केली. पाच पानं. पाचवं पान मामाच्या हट्टापायी केलं होतं: पावसाळ्यात खेडची वाट बंद झाली तर मंडणगडमार्गे कसं यायचं. मी म्हटलं, “अरे मामा, हे कोण वाचणार आहे?” तो म्हणाला, “जो अडकेल तो वाचेल.”

मग मी माझी विद्या वापरली. ऑफिस सुटल्यावर रोज तास-दीड तास बसून तीन आठवड्यांत मामाची साइट चारशे बारा डिरेक्टऱ्यांमध्ये घातली. लिंकवरचे शब्द सगळीकडे तेच: ‘हॉटेल्स इन दापोली’. खरं तर ते हॉटेल नव्हतं, पण लोक शोधताना हॉटेल शोधतात. वर्णनही तेच: दापोलीतलं सर्वोत्तम, स्वस्त आणि सुंदर निवासस्थान, आजच बुक करा. जाता जाता डीमॉझलाही एक अर्ज टाकला. तिथे नोंद व्हायला महिनोन् महिने लागतात आणि बहुतेकदा होतच नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हणून तो हिशोबात धरलाच नाही.

आणि साइट वर आली. २०१०च्या दिवाळीपर्यंत ‘हॉटेल्स इन दापोली’ शोधलं की ती पहिल्या पानावर दिसायची. मामाचा फोन वाजायला लागला. पुण्याहून, ठाण्याहून, एकदा तर बडोद्याहून. मामी पाहुण्यांची वही ठेवायची. तारीख, नाव, माणसं किती, जेवण काय, आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून’. त्या रकान्यात आधी ‘साठे वहिनी’, ‘पोस्टातले’ अशी नोंद असायची. आता पानंच्या पानं ‘नेट’, खाली खुणा, ‘नेट’, खाली खुणा.

मामा सगळ्यांना सांगायचा, भाचीने गूगलवर पाटी लावलीय. मीही ते ऐकून घ्यायची.

२०११च्या फेब्रुवारीत मामाने पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज घेतलं. वर चार खोल्या काढल्या. कर्ज घेण्याआधी त्याने मला फोन करून एकच प्रश्न विचारला होता, “ही पाटी राहील ना गो?” मी म्हटलं, “राहील की. न राहायला काय झालं?”

दिवाळीला खोल्या तयार झाल्या. नाताळात सहाच्या सहा भरल्या. हप्ता महिना चौदा हजारांचा होता. त्या नाताळात त्याचं काही वाटलं नाही.

*

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने शोधाच्या पद्धतीत एक बदल केला. त्याला ‘पेंग्विन’ असं नाव पडलं. इंग्रजीतल्या साधारण ३.१ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असं गूगलने सांगितलं होतं. ३.१ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. दातांचे डॉक्टर, वाळवीवाले, सगळे एकाच सुरात विचारत होते, आमची साइट गेली कुठे?

कारण समजायला अवघड नव्हतं. एखाद्या माणसाची शिफारस चारशे बारा जणांनी केली, सगळ्यांनी तीन आठवड्यांच्या आत केली, आणि प्रत्येक चिठ्ठीत तेच वाक्य, तेच अक्षर, तीच शाई असली, तर वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. आजोबांच्या गिरगावातल्या ओळखीच्यांनाही कळलं असतं. यंत्राला ते उशिरा कळलं, इतकंच. यात गूगलला दोष द्यायला मला जागा नव्हती. खोट्या चिठ्ठ्या मी दिल्या होत्या.

मामाची साइट पहिल्या पानावरून गेली ती सातव्या पानावर. सातव्या पानापर्यंत कोण जातं? ऐन मे महिना. मामाने पहिल्या आठवड्यात फोन केला, “फोन बंद पडलाय की काय बघ जरा, वाजत नाही.” मी म्हटलं, “बघते.” दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, “गूगलचं काहीतरी चाललंय, होईल सुरळीत.” त्या मेमध्ये वरच्या चार खोल्यांची कुलपं मोजून पाच रात्री उघडली. मामीने एका वाक्यानेही विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

जूनमध्ये मामाचा पुन्हा फोन आला. “जालन्याहून कोणा माणसाचा फोन होता. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो, साइट करणारीशी. चिडलेला नाही. पण बोल.”

मी फोन लावला. पलीकडे मागे यंत्रांचा आवाज. “ताई, माझं जालन्यात वेल्डिंगचं दुकान आहे. फेब्रुवारीत नवीन सिम घेतलं. तेव्हापासून लोक विचारतात, खोली आहे का, नॉनव्हेज मिळेल का, समुद्र किती लांब आहे. पहिले मी चिडायचो. आता सांगतो, चार-पाचशे किलोमीटर आहे, लवकर निघा.” मग म्हणाला, “मे महिन्यात तर दिवसाला चार-चार फोन होते. एकाला विचारलं, नंबर कुठून घेतला. त्याने साइटचं नाव सांगितलं. म्हटलं, ज्यांची गिऱ्हाइकं आहेत त्यांना कळवावं. तुमचं नुकसान होत असेल.”

मामाने २०११च्या पावसाळ्यात मोबाइलचा नंबर बदलला होता, जुन्याला घरात रेंज नव्हती म्हणून. साइटवर मी नवा नंबर लगेच टाकला. पण डिरेक्टऱ्यांमध्ये जुनाच होता. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, तसा तो जालन्याला गेला होता.

त्या रात्री मी चारशे बारांची एक्सेल उघडली आणि पहिल्यांदाच एकेक पान वाचत गेले. बहुतेक पानं अशी होती की तिथे माणूस चुकूनही येणार नाही. छपराच्या पन्हळी, ऑनलाइन जुगार, दातांची कवळी आणि आमची दापोली, एकाखाली एक. पण तीस-एक नोंदी वेगळ्या होत्या. कोकणातल्या राहण्याच्या सोयींच्या याद्या, पुण्या-मुंबईच्या भटक्यांनी ठेवलेल्या, काही शहरांच्या व्यवसाय-सूच्या. तिथे लोक खरोखर येत होते, वाचत होते आणि फोन लावत होते. दिवसाला चार-चार. मामाच्या खोल्यांची कुलपं उघडू शकतील एवढे फोन त्या मेमध्ये आले होते, ते जालन्यात वेल्डिंगच्या दुकानात वाजत होते.

म्हणजे जिथे कोणी नव्हतं तिथे मी तीन आठवडे राबले. आणि जिथे माणसं होती तिथे नंबर बदलायला मला दहा महिन्यांत एक तास सापडला नाही, कारण माझ्या लेखी त्या सगळ्या सारख्याच ‘लिंका’ होत्या. एक्सेलमध्ये त्या सगळ्यांपुढे ‘डन’ लिहिलेलं होतं.

त्याच रात्री डीमॉझचं पान सापडलं. रीजनल, मग आशिया, मग इंडिया, मग महाराष्ट्र, असं खाली उतरत गेल्यावर मामाच्या घराचं नाव. कधी नोंद झाली होती ते कळलं नाही. माझं वर्णन तिथे नव्हतं. ‘सर्वोत्तम’ नव्हतं, ‘स्वस्त’ नव्हतं, ‘आजच बुक करा’ नव्हतं. ‘हॉटेल’ही नव्हतं. इंग्रजीत एवढंच होतं: हर्णैजवळ घरगुती खोल्या आणि शाकाहारी जेवण. खोल्यांचे फोटो, दर आणि पावसाळ्यात येण्याच्या पर्यायी रस्त्याची माहिती.

पर्यायी रस्त्याची माहिती. म्हणजे कोणीतरी पाचव्या पानापर्यंत गेलं होतं. जगात कुठेतरी बसलेल्या, नाव माहीत नसलेल्या, पैसे न घेणाऱ्या एका माणसाने मामाचं मंडणगडमार्गे यायचं पान वाचलं, ते सांगण्याजोगं आहे असं ठरवलं आणि माझी जाहिरात खोडून टाकली. चारशे बारांच्या ढिगाबाहेरची ती एक चिठ्ठी खरी होती. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले.

*

गणपतीला मी हर्णैला गेले आणि मामाला सगळं सांगितलं. लिंका, वजन, पेंग्विन, जितकं सोपं करता येईल तितकं. तो ओटीवर बसून सुपारी कातरत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे तू खोट्या चिठ्ठ्या वाटल्यास.”

“हो.”

“नाव माझं आणि अक्षर तुझं.”

“हो.”

तो आणखी काही बोलला नाही. मामी आतून म्हणाली, “पानं घेतलीयत, या दोघं.” जेवताना मामाने मला दोनदा मोदक वाढायला लावले. त्याने ओरडावं असं मला त्या वेळी फार वाटत होतं.

मग उलटं काम सुरू झालं. तीच एक्सेल, तोच क्रम, आता प्रत्येक ठिकाणी ईमेल: कृपया आमची नोंद काढून टाका. काहींनी काढली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी काढण्याचे दहा-वीस डॉलर मागितले. नोंद घालायला फुकट आणि काढायला पैसे, असा धंदा मी पहिल्यांदाच पाहत होते. ऑफिसच्या अकरा डिरेक्टऱ्यांतल्या नोंदी मी स्वतःच, सीनियर एडिटरच्या अधिकारात, काढल्या. तोवर ऑफिसने ‘लिंक रिमूव्हल’ ही नवी सेवा सुरू केली होती. दर जुनाच. ज्यांचे फॉर्म आम्ही भरले होते त्यांच्याकडूनच ते काढण्याचे पैसे घ्यायचे. दिवाळीनंतर मी राजीनामा दिला. फार तात्त्विक कारण होतं असं नाही, माझ्याने ‘डन’ लिहवेना.

ऑक्टोबर २०१२मध्ये गूगलने ‘या लिंका माझ्या नावावर धरू नका’ असं कळवायची सोय केली. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक डोमेन. मी दोनशे ऐंशी ओळींची फाइल दिली. ती तीस-एक खरी पानं ठेवली आणि त्यांतला नंबर दुरुस्त केला. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखं केलं, कारण आधी कुठे ‘मु. पो.’ होतं, कुठे नुसतं गाव, कुठे मामाचं नाव तर कुठे मामीचं. फाइल दिली म्हणून लगेच काही होत नव्हतं. पेंग्विनचा हिशोब तेव्हा मधूनच कधीतरी नव्याने मांडला जायचा. मे २०१३मध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, मग थेट ऑक्टोबर २०१४मध्ये. मधले महिने नुसती वाट बघायची. मामाचा हप्ता मात्र दर महिन्याला होता. त्यातले काही मी भरले. कोणते आणि किती, ते आमच्या दोघांत आहे.

*

अजूनही हा प्रश्न मला विचारला जातो. मी आता छोट्या व्यावसायिकांच्या साइट सांभाळते. पुढ्यात बसलेला माणूस मोबाइल पुढे करतो: पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद, दोन हजार रुपये, घेऊ का? खरं उत्तर असं आहे की सप्टेंबर २०१६पासून गूगल अशा लिंकांमुळे सहसा अख्ख्या साइटला खाली ढकलत नाही, त्या नुसत्या मोजत नाही. म्हणजे दोन हजार पाण्यात, बाकी काही नाही. पण ‘डिरेक्टरीचा काही उपयोग नाही’ असंही मी सांगत नाही. आपल्या गावात, आपल्या धंद्यात, जिथे माणसं खरोखर शोधायला जातात अशा चार-दहा जागा असतातच. नकाशावरची नोंद, व्यावसायिकांच्या संघटनेची यादी, मामासारख्यांना निवास-न्याहारी योजनेतली नोंदणी. तिथे नाव, पत्ता, नंबर बरोबर ठेवा, बदलला तर त्याच दिवशी बदला. आसपासच्या शोधात कोणाला वर दाखवायचं हे ठरवताना गूगलही अशा ठिकाणची माहिती पाहतं. आणि नाही पाहिलं तरी माणूस पाहतोच. मी त्यांना एवढंच विचारते, “या पाचशेपैकी एखाद्या पानावर तुम्ही स्वतः कधी काही शोधायला गेला होतात का?” बहुतेक जण हसतात. काही जण तरीही दोन हजार भरतात.

गूगलची डिरेक्टरी २०११मध्येच बंद झाली होती. याहूची २०१४च्या अखेरीस गेली. डीमॉझ १७ मार्च २०१७ला बंद झाली. बातमी कळली तेव्हा मी शेवटचं महाराष्ट्राच्या पानावर उतरले. ती ओळ होती तशीच होती. पर्यायी रस्त्याच्या माहितीसकट. लिहिणाऱ्याचे आभार कसे मानायचे ते सुचलं नाही. पानाचा फोटो काढून मामाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “हा कोण?” मी लिहिलं: “माहीत नाही. पण त्याने वाचलं होतं.”

कर्ज २०१६मध्येच फिटलं होतं. साइट आता दुसऱ्या पानाच्या आसपास असते, कधी वर, कधी खाली. मामी वही अजून ठेवते. गेल्या दिवाळीत मी ती चाळली. ‘नेट’ अधूनमधून आहे. बाकी नावं आहेत: नाशिकच्या काकू, डॉक्टर, साठे वहिनींची सून. आणि २०१३च्या दिवाळीपासून दर एक-दोन वर्षांनी एक नोंद येते. पहिल्या वेळी तो बायको-मुलांना घेऊन स्वतः आला होता, समुद्र पाहायला. म्हणाला, इतक्या लोकांना रस्ता सांगितला, एकदा आपणही बघावं. त्याच्यानंतर त्याचे शेजारी आले, मग मेहुणे, मग मेहुण्यांच्या ऑफिसातले.

‘कोणाकडून’ या रकान्यात मामीने त्या सगळ्यांपुढे एकच लिहिलंय: ‘जालन्याचे वेल्डिंगवाले’.